डोक्याला लावलेलं पेप्टाइड मुळापर्यंत पोचतं का?

केसांच्या सिरमच्या बाटलीवर हल्ली पेप्टाइड हा शब्द नसेल तर ते सिरम जुनाट वाटावं अशी परिस्थिती आहे. आणि बहुतेकांची समजूत अशी की केस प्रोटीनचे बनलेले, पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचाच तुकडा, मग वरून लावलं की केसाला खुराक मिळणार. असं अजिबात नाही. डोक्याबाहेर दिसणारा केस जिवंतच नसतो, त्याला काय खुराक देणार. अमिनो आम्लं मण्यांसारखी ओवली की पेप्टाइड होतं, तीन-चार मणी असले तरी चालतं, आणि खूप लांबलं की त्यालाच आपण प्रोटीन म्हणतो. केसांसाठी वापरतात ती पेप्टाइड फारच छोटी असतात, बहुतेक तीन-चार अमिनो आम्लांची, आणि त्यांचं काम खुराकाचं नसून निरोपाचं आहे. म्हणजे केसाच्या मुळाशी ज्या पेशी बसलेल्या असतात त्यांना सांगायचं, की बाई गं, वाढीचं काम चालू ठेव.

आता मूळ म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथेच गडबड होते. कंगव्यात आलेला एखादा केस उजेडात धरून बघा, एका टोकाला पांढरट बारीक गाठ दिसेल. लोक घाबरतात, केस मुळासकट आला म्हणून! ती गाठ म्हणजे विश्रांती संपवून निघालेल्या केसाचं वाळलेलं टोक असतं, खरं मूळ, म्हणजे फॉलिकल, आत त्वचेत शाबूत असतं आणि तिथून पुढचा केस येणार असतो. टाळूवर असे साधारण १ लाख फॉलिकल असतात. प्रत्येकाचं चक्र वेगळं चालतं, २ ते ६ वर्षं वाढ, मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग तीनेक महिने आराम, मग केस गळतो आणि परत पहिल्यापासून. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हा हिशेबातलाच भाग आहे.

फॉलिकलच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो. केस किती जाड होणार, किती दिवस वाढणार हे बरंचसं तो ठरवतो. अनुवंशिक टक्कल पडतं तेव्हा डीएचटी नावाचं हार्मोन याच पुंजक्यावर काम करतं, वाढीचा काळ दर चक्राला आखडत जातो, केस बारीक, आणखी बारीक, शेवटी नुसती लव. म्हणजे केस पडून जागा रिकामी होते असं नसतं, फॉलिकल लहान होत जातं. म्हणून लवकर सुरुवात केली तर काही परत मिळवता येतं, आणि जिथे टाळू वर्षानुवर्षं गुळगुळीत चकचकीत झालेली आहे तिथे कुठलंही सिरम निरोप देणार तरी कोणाला.

पेप्टाइडची गोष्ट केसांपासून सुरू झालीच नाही. १९७३ मध्ये लोरेन पिकार्ट या संशोधकाने माणसाच्या रक्तातून जीएचके नावाचं तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड वेगळं केलं, तेव्हा विषय होता यकृताच्या पेशींचा. हे पेप्टाइड तांब्याला घट्ट धरतं, आणि तांबं धरलं की द्रावण छान निळं दिसतं (त्या निळ्या सिरमचा रंग दरवेळी कृत्रिम नसतो, एवढं खरं). पुढे जखमा भरण्यावर त्याचं बरंच काम झालं, आणि प्राण्यांच्या जखमांच्या कडेला केस जोमाने येतात असं दिसल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. नंतर जीएचकेचं एक भावंड आलं, एएचके, तेही तांब्यासकट. २००७ च्या एका अभ्यासात माणसाच्या टाळूतून काढलेली फॉलिकल बशीत जिवंत ठेवून त्यांना हे दिलं, तर अगदी नगण्य प्रमाणातसुद्धा फॉलिकल लांब वाढली, डर्मल पॅपिलाच्या पेशी जास्त वाढल्या आणि कमी मेल्या.

हे ऐकायला भारी आहे, आणि आहेच, पण बशीतल्या फॉलिकलवर थेट औषध पडतं हो. आपल्या डोक्यावर मधे त्वचा आहे.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा किंवा त्याहून कमी, पण तो मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या चरबीचा असतो आणि त्याचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं हे आहे. त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू यातून सहसा जात नाही. मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी टाळूवर लावायचं औषध, २०९ डाल्टनचं, आरामात बसतं. जीएचके ३४० चं, तांब्यासकट ४०० च्या थोडं वर, म्हणजे वजनात तेही पास होतं, पण त्याची अडचण वेगळी आहे, ते पाण्यात विरघळणारं आणि थर चरबीचा, त्यामुळे दारातच अडतं. वर त्वचेत पेप्टाइड तोडणारी एन्झाइम्स असतात, ती वाटेतच तुकडे करू शकतात. मग कंपन्या काय करतात, पेप्टाइडला चरबीसारखी किंवा दुसरी एखादी शेपटी जोडतात, नाहीतर त्याला लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यात, गुंडाळतात. एक आडवाट मात्र आहे, खुद्द फॉलिकलचं तोंड, केसाच्या कडेने आत उतरायचं, आणि योगायोगाने जायचंही तिथेच असतं. म्हणून माझ्या मते दोन सिरममध्ये पेप्टाइडचं नाव एकच असलं तरी परिणाम एकच येईल असं नाही, ते कशात मिसळलंय यावर निम्मा खेळ आहे आणि नेमकं तेच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

बाटलीवरून थोडं कळतं पण. कॉपर ट्रायपेप्टाइड-१ म्हणजे जीएचके आणि तांबं. बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१ म्हणजे तेच जीएचके, बायोटिनची शेपटी लावलेलं, त्यामुळे यात बायोटिन पण आहे म्हणून दुप्पट खूश व्हायचं कारण नाही. ॲसिटिल टेट्रापेप्टाइड-३ हे चार अमिनो आम्लांचं, बहुतेक वेळा रेड क्लोव्हरच्या अर्काबरोबर येतं. रेडेन्सिल मात्र पेप्टाइड नव्हे, ते वनस्पतींतून येणाऱ्या घटकांचं मिश्रण आहे, लोक सरसकट एकाच यादीत टाकतात.

मग पुरावा किती? खरं सांगायचं तर मिनॉक्सिडिलच्या जवळपासही नाही. मिनॉक्सिडिल मूळचं ब्लडप्रेशरच्या गोळीचं, अंगावर केस यायला लागले म्हणून टाळूकडे वळलं, १९८८ मध्ये अमेरिकेत लावायचं औषध म्हणून मंजूर झालं आणि तेव्हापासून त्याच्यावर मोठमोठ्या चाचण्या झाल्यात. पेप्टाइडवरचे माणसांवरचे अभ्यास छोटे, थोड्या महिन्यांचे, कितीतरी वेळा कच्चा माल विकणाऱ्या कंपनीनेच केलेले, आणि पेप्टाइडबरोबर अजून दोन-तीन गोष्टी मिसळलेल्या, त्यामुळे फरक दिसला तरी श्रेय कोणाचं ते कळत नाही. शिवाय डीएचटी रोखणं हे काही पेप्टाइडचं मुख्य काम नाही, त्याला फिनास्टेराइडसारखी औषधं आहेत आणि ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची. मी पेप्टाइडला जोडीदार म्हणेन, मिनॉक्सिडिलचा पर्याय म्हणणार नाही. मिनॉक्सिडिलने ज्यांची टाळू खाजते, सोलवटते त्यांना सौम्य काहीतरी म्हणून पेप्टाइड करून बघायला हरकत नाही, अपेक्षा तेवढी बेताची ठेवायची.

आणि एक मोठा चकवा. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि पुढच्या काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप परत येतात. घाबरलेला माणूस नेमका मधेच सिरम आणतो, केस येतात, आणि सिरम हिट! अशा वेळी काहीही लावलं असतं तरी आलेच असते. उलट चट्ट्याचट्ट्याने केस जात असतील, टाळू लाल होऊन दुखत असेल, किंवा जिथे केस गेले तिथे व्रण दिसत असेल तर सिरमवर महिने घालवू नका, तो आजार वेगळा आणि उपचारही वेगळा, काही प्रकारांत उशीर झाला तर फॉलिकल कायमचं जातं.

लावायचंच असेल तर तांब्याचं पेप्टाइड व्हिटॅमिन सीच्या आंबट सिरमबरोबर किंवा ॲसिडवाल्या प्रॉडक्टबरोबर एकाच वेळी नको, आम्ल वाढलं की तांबं सुटायला लागतं. एक सकाळी, एक रात्री, असं करता येतं. टाळू कोरडी हवी, आणि थेंब केसांवर न घालता भांग पाडून त्वचेवर. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि आराम करणारं फॉलिकल आधी जागं व्हावं लागतं, त्यामुळे तीन आठवड्यांत फरक असं कोणी म्हणत असेल तर तो चमकेचा फरक. सहा महिने द्या, आणि दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच भांगाचा, कोरड्या केसांचा फोटो काढा, कारण ओल्या केसांत टक्कल जास्त दिसतं आणि तेल लावून काढलेल्या फोटोवरून काहीच ठरत नाही.

सुयांच्या रोलरबद्दल पण विचारतात. २०१३ मध्ये १०० पुरुषांवर १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, त्यात नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा आठवड्यातून एकदा रोलर फिरवून मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांच्या केसांची संख्या कितीतरी जास्त वाढली. पण तो अभ्यास मिनॉक्सिडिलचा होता, पेप्टाइडचा नव्हता, हे विक्रेते सोयीस्कर विसरतात. सुईने वरचा थर भेदला की पेप्टाइड आत जाईल हे तर्काला धरून आहे, फक्त त्याच भोकातून बाटलीतला सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हपण आत जातात, आणि घरच्या न उकळलेल्या रोलरवरचे जंतू तर सगळ्यात आधी. ताज्या टोचलेल्या टाळूवर कुठलंही कॉस्मेटिक सिरम ओतू नये, रोलर करायचाच तर त्वचेच्या डॉक्टरकडे.