चिठ्ठी नसलेला भुंगेरा

विद्यापीठाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात गेलेला माणूस सहसा मोठा सांगाडा, पेंढा भरलेले प्राणी आणि फुलपाखरांच्या काचपेट्या पाहून बाहेर पडतो. संग्रहाचा बहुतेक भाग त्याच्या नजरेला पडतच नाही. तो मागच्या खोल्यांत असतो. तिथे कपाटांच्या उथळ खणांत ओळीने निजवलेले पक्षी असतात, बरण्यांतल्या अल्कोहोलमध्ये मासे आणि बेडूक असतात, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती असतात. संशोधन चालतं ते या खणांवर. सामान्य माणसाचा हात तिथवर पोहोचतो तो कार्यशाळांमधून, म्हणूनच संग्रहालयाच्या सगळ्या कार्यक्रमांत मला त्या सर्वांत मोलाच्या वाटतात.

व्याख्यानं आणि चर्चा तर हव्यातच, त्यांची परंपराही जुनी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयाची इमारत नवीकोरी होती, तेव्हाच ३० जून १८६० रोजी तिथे डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धान्तावरून जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली आणि बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यांची गाजलेली खडाजंगी झाली. पण ऐकून जे समजतं त्याला मर्यादा आहे. काही गोष्टी चिमटा हातात धरल्याशिवाय कळत नाहीत.

घुबडाच्या पेलेटची कार्यशाळा घ्या. गव्हाणी घुबड उंदीर बहुधा सगळाच्या सगळा गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत. काही तासांनी घुबड त्यांचा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं, त्याला पेलेट म्हणतात. निर्जंतुक केलेला असा एक करडा गोळा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवतात. सुईने केस अलगद सोडवत गेलं की आधी बरगड्या निघतात, मग मणके, आणि नशीब असेल तर अखंड कवटी. कवटी उंदराची की चिचुंदरीची, हे दात सांगतात. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे आणि समोरून नारिंगी असतात, कारण त्यांच्या एनॅमलमध्ये लोह असतं. दाढा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते. चिचुंदरीच्या जबड्यात मात्र अणकुचीदार दातांची सलग रांग असते. एकाच पेलेटमध्ये तीन-चार कवट्या मिळणं मुळीच दुर्मीळ नाही. लहान मुलं यात तासभर मान वर करत नाहीत, आणि मोठी माणसं तर त्याहून नाही. शास्त्रज्ञही नेमकं हेच करतात. एखाद्या परिसरात कोणते छोटे सस्तन प्राणी आहेत, हे सापळा न लावता पेलेटमधून कळतं.

कीटक टाचणीवर लावण्याच्या कार्यशाळेत वेगळी शिस्त शिकायला मिळते. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध टोचत नाहीत. उजव्या कडक पंखातून टोचतात. म्हणजे मधली रेषा आणि डावी बाजू शाबूत राहते, आणि ओळख पटवायला तेवढं पुरतं. मग त्याच टाचणीवर, कीटकाच्या खाली, एक इवलीशी चिठ्ठी येते: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. शिकवणारे या चिठ्ठीपाशी हटून बसतात, आणि बसायलाच हवं. चिठ्ठी नसलेला भुंगेरा कितीही देखणा असला तरी तो कुठे आणि कधी जगला हे सांगू शकत नाही, आणि संशोधकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

चिठ्ठीने काय साधतं, याचं ठसठशीत उदाहरण अंड्यांचं आहे. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली होती. पक्ष्यांचे अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतल्या अंड्यांची कवचं तोलून, मापून पाहिली. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचं एकाएकी हलकी झाली होती, आणि डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो काळही हाच. १९६७ साली हे प्रसिद्ध झालं. अंड्यांवर वर्षं लिहिलेली नसती तर ही तुलना करताच आली नसती.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९०८ साली पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय सुरू झालं. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी १९१०मध्येच लिहून ठेवलं होतं की, या संग्रहाची खरी किंमत कळायला कदाचित शंभर वर्षं लागतील. तसंच झालं. शतकभराने संशोधक ग्रिनेल यांच्या टिपणवह्या घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात त्याच जागी परतले. २००८ साली त्यांनी जाहीर केलं की, पाहणी केलेल्या २८ छोट्या सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या वस्तीची सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकली आहे. तापमानवाढीचा इतका हातात धरता येण्याजोगा पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

आणि नोंद नसली की काय होतं? ऑक्सफर्डमध्ये डोडो या नामशेष झालेल्या पक्ष्याचं एक डोकं आहे, मऊ ऊती टिकून राहिलेलं जगातलं एकमेव. हा पक्षी सतराव्या शतकात लंडनमध्ये लोकांना जिवंत दाखवला जात होता, असा समज होता. २०१८मध्ये स्कॅन केल्यावर कवटीच्या मागच्या बाजूला शिशाचे छर्रे निघाले. म्हणजे त्याला गोळी घातली होती. ती कुणी आणि कुठे घातली, याची नोंद कुठेच नाही.

म्हणून संग्रहालयात 'सापडलेली वस्तू ओळखून घ्या' असा दिवस असेल तर जरूर जा, मात्र शिंपला किंवा दगड नुसता नेऊ नका. कुठे आणि कधी मिळाला हे तिथल्या तिथे लिहून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. पिसं, अंडी, हाडं उचलण्याआधी कायदा पाहा. बऱ्याच देशांत ती बाळगायला बंदी आहे.

ज्यांना कात्री-चिमटा नको वाटतो त्यांच्यासाठी चिठ्ठ्या उतरवून घेण्याचे कार्यक्रम असतात. जुन्या नमुन्यांचे फोटो संगणकावर पाहायचे आणि चिठ्ठीवरचा मजकूर टंकायचा. 'वुईडिगबायो' हा असाच जागतिक उपक्रम २०१५पासून चालू आहे. सुरुवातीला फिकट शाईतलं तिरकं अक्षर लागत नाही. दहा-बारा चिठ्ठ्या झाल्या की एकेका संग्राहकाचं वळण ओळखीचं होतं, आणि तरीही एखादं गाव अडलंच तर त्याच माणसाची आदल्या दिवशीची चिठ्ठी काढून तो कुठल्या वाटेने चालला होता ते पाहायचं.