डोनर कार (घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारसाठी)

घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार बांधताना ज्या जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, स्टीअरिंग आणि वायरिंग काढून वापरतात ती गाडी म्हणजे डोनर कार. चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी नवी, बाकी हलणारं-फिरणारं जवळपास सगळं डोनरचं. एकेक पार्ट सुटा विकत घेत बसलं तर खर्च भलतीकडे जातो हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे एका गाडीतले पार्ट एकमेकांशी जुळतात हे कारखान्याने लाखो किलोमीटर चालवून आधीच तपासलेलं असतं, आणि ती जुळणी आयती मिळणं हाच डोनरचा खरा फायदा.

या छंदाचं मूळ शोधायला गेलं तर बहुतेक वेळा लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारपाशी येऊन थांबावं लागतं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये ही गाडी आणली, ब्रिटनमध्ये ती सुट्या भागांत विकत घेता यायची कारण किट घेतलं की गाडीवरचा खरेदी कर वाचायचा, आणि 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे 1990 च्या दशकात लोकॉस्ट प्रकार आला, म्हणजे सेव्हनच्याच धाटणीची चासी साधारण 25 मिमीच्या चौकोनी स्टील ट्यूबमधून स्वतः वेल्डिंग करून बनवायची आणि आत जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट बसवायचे.

डोनर निवडताना नवखे लोक पहिल्यांदा इंजिनाची पॉवर बघतात, आणि माझ्या मते इथेच निवड उलट्या बाजूने सुरू होते. इंजिन नंतर कधीही बदलता येतं पण डिफरन्शियल, मागचे हब आणि पुढचे अपराइट (हबला धरून सस्पेन्शनला जोडणारे उभे भाग) यांच्या मापावरच चासीचं ड्रॉइंग उभं राहतं, ते बदलायचे म्हणजे चासी कापायची. एस्कॉर्टचंच बघा. पहिल्या दोन पिढ्यांना, म्हणजे 1968 ते 1980 च्या आसपासच्या गाड्यांना, मागे सरळ लाइव्ह अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा आस, साधा, मजबूत, चार लिंक (जोडदांडे) आणि एक पॅनहार्ड रॉड (आस बाजूला सरकू न देणारा दांडा) लावला की काम झालं. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उंच खांब), आणि सेव्हनसारख्या बुटक्या नाकाच्या गाडीत उंच स्ट्रट मावतच नाही, तिथे डबल विशबोन (एकावर एक असे दोन आडवे आर्म) लागतात, म्हणून लोक पुढचे अपराइट फोर्ड कॉर्टिनाचे आणायचे कारण त्यांना वर-खाली दोन्हीकडे बॉल जॉइंट (सगळ्या बाजूंना फिरणारा सांधा) असतो. म्हणजे नावाला एक डोनर, प्रत्यक्षात दोन. एस्कॉर्ट दुर्मिळ आणि महाग झाल्यावर लोक फोर्ड सिएराकडे वळले (1982 ते 1993), तिच्यात मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) होतं त्यामुळे डिफ चासीला बोल्ट करून बाजूला स्वतःचे विशबोन लावता आले, पण पुढे परत स्ट्रटच, मग त्या अपराइटमध्ये स्ट्रटच्या जागी अडॅप्टर बसवायचा उद्योग.

माझदा एमएक्स-5 एवढी लोकप्रिय का झाली ते यावरून लगेच कळतं. 1989 मध्ये आलेल्या या गाडीत इंजिन पुढे, ड्राइव्ह मागे आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चारही कोपरे एकाच गाडीतून निघतात, दुसरीकडे काही शोधायला नको. शिवाय जुन्या एमएक्स-5 चे मागच्या चाकापुढचे सिल (दाराखालचे पत्र्याचे पट्टे) गंजून जातात, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो आणि मालक ती विकून टाकतो, पण आपल्याला सिल नकोच असतात, यांत्रिक भाग धडधाकट असले की झालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम जाते आणि डिफचं नाक तिच्याच आधारावर असतं, ती फ्रेम काढून टाकली तर डिफ आणि गिअरबॉक्स दोघांनाही वेगळं माउंटिंग बनवावं लागतं, तेव्हा ती ठेवणार की नाही हे चासी कापायच्या आधी ठरवायचं.

इंजिन ड्रायव्हरच्या मागे हवं असेल तर फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीही मस्त डोनर ठरते, तिचं आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून मागच्या चाकांमध्ये ठेवतात, फक्त गिअरची केबल लांब करावी लागते आणि कूलंटचे पाइप पुढच्या रेडिएटरपर्यंत न्यावे लागतात. टोयोटा एमआर2 मध्ये तर ही मांडणी कारखान्यातूनच येते. फोक्सवॅगन बीटलचा प्रकार आणखी वेगळा, तिची बॉडी काढली की खालचा फ्लोअरपॅन चाकांसकट सुटा उभा राहतो, 1960 च्या दशकात ब्रूस मायर्सच्या मँक्स या ड्यून बगीमुळे (वाळूत पळवायची उघडी गाडी) बीटलचा पॅन कापून आखूड करायचा आणि वर फायबरग्लासची बॉडी ठेवायची पद्धत जगभर पसरली. मोटरसायकलचं इंजिन लावणारेही आहेत, हलकं आणि भन्नाट पळणारं, पण त्यात रिव्हर्स गिअर नसतो, आणि हब-डिफसाठी एक चारचाकी डोनर लागतोच.

वजनाचा हिशोब सगळीकडे घुसतो. सेव्हनसारखी गाडी साधारण 500 ते 600 किलोची आणि डोनर बऱ्याचदा तिच्या दुप्पट, त्यामुळे डोनरचे स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर कामाचे नाहीत, ब्रेकचा बूस्टर बहुतेक लोक काढून टाकतात, आणि पुढे-मागे ब्रेक किती लागावा हे प्रमाण नव्याने जमवावं लागतं, ते नाही केलं तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते, इथे हयगय अजिबात नको. गिअरचंही तेच. सिएराच्या पाच गिअरच्या टाइप 9 गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर 3.65 गुणोत्तराचा, जड सलून गाडी जागेवरून हलवायला तो ठीक, पण हलक्या गाडीत टाकला-नाही टाकला तोच दुसरा घ्यावा लागतो. इंजिनाची उंचीही मोजावी, बॉनेट खाली असल्यामुळे कधी सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) कापून आखूड करावा लागतो, आणि एक्झॉस्ट नेमका स्टीअरिंग कॉलमच्या बाजूला आला तर खास मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) बनवून घ्यावा लागतो.

गाडी शक्यतो अख्खी आणि चालू अवस्थेतली घ्यावी. चालवून बघता येते, क्लच घसरतो का, एखादा गिअर सुटतो का, डिफ घरघरतं का हे एका फेरीत कळतं, आणि पॅलेटवर पडलेल्या इंजिनाकडून यातलं काहीच कळत नाही. ठोकलेली गाडी घ्यायला हरकत नाही, पण मार कुठे बसलाय ते बघून, दार चेपलं असेल तर आपलं काही जात नाही, चाकावर मार असेल तर हब, आर्म, स्टीअरिंग रॅक सगळंच संशयास्पद. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), किल्ली, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि पूर्ण वायरिंग हार्नेस एकाच गाडीतलं हवं, कारण ईसीयूला आपली किल्ली ओळखू आली नाही तर धडधाकट इंजिनही स्टार्ट होत नाही. हार्नेस काढताना प्रत्येक कनेक्टरवर टेप लावून नाव लिहायचं आणि फोटो काढायचे, कंटाळवाणं आहे पण वायर कापत सुटलेल्या माणसाचे पुढे महिने जातात.

कागदपत्रं पार्टांइतकीच महत्त्वाची. ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते, धुराची मर्यादा इंजिन किती जुनं आहे त्यावर अवलंबून असू शकते आणि गाडीचं वय किंवा मूळ सिद्ध करता आलं नाही तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो. इतर देशांचे नियम वेगळे, काही ठिकाणी फारच कडक, म्हणून डोनर विकत घेण्याआधीच नोंदणीचे नियम वाचावेत आणि डोनरचं रजिस्ट्रेशन, इंजिन नंबर, खरेदीची पावती एका फाइलमध्ये ठेवावी. उरलेल्या सीट, दारं, काचा, दिवे लगेच विकायला काढावेत, नीट विकले तर डोनरच्या किमतीचा बराचसा भाग परत येतो, मात्र ब्रॅकेट, सेन्सर आणि नटबोल्टचे डबे गाडी पूर्ण होऊन चालायला लागेपर्यंत कुणाला देऊ नयेत.