बिदरी

बिदरी (बिद्री) : जस्तात थोडे तांबे मिसळून केलेली मिश्रधातू, तसेच तिच्यावर चांदीची तार वा पत्रा बसवून घडवलेल्या काळ्या वस्तू. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे हे प्रमाण सामान्यतः सांगतात. काही जुन्या वस्तूंत शिसेही आढळते.

हे नाव बीदर या गावावरून आले, याविषयी दुमत नाही. पैठणवरून पैठणी, तसे बीदरवरून बिदरी. हा ‘ई’ प्रत्यय फार्सी मानावा की देशी, हा प्रश्न गौण आहे. आधी हे नाव वस्तूंना लागले व मागाहून धातूला, असे दिसते.

वाद आहे तो मूळ ग्रामनामाविषयी. फार्सी इतिहासकार फिरिश्ताने बीदरचा संबंध दमयंतीच्या पित्याशी, म्हणजे विदर्भाच्या राजाशी जोडला. स्थानिक परंपरा महाभारतातील विदुराचे नाव सांगते. विदर्भाची व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या अवघड वाटते. ‘र्भ’ या जोडाक्षरातील ‘र’ प्राकृतात लोपतो (गर्भ–गब्भ, मराठी गाभ), तर बीदरमध्ये नेमका ‘र’च टिकला आहे. कन्नड ‘बिदिरु’ (बांबू, तेलुगू ‘वेदुरु’) हे मूळ त्यामानाने सयुक्तिक आहे. दुसऱ्या अक्षरातील ‘इ’चा ‘अ’ होणे हीच त्यातली अडचण. पण फार्सी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत, हे ध्यानात घेतल्यास ती फारशी उरत नाही. विदुराची कथा नामसाधर्म्यावरून मागाहून जुळवलेली असावी.

पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली. इराणी कारागिरांनी ही कला तेव्हा आणली, ही समजूत रूढ असली तरी निश्चित तारखेच्या वस्तू बऱ्याच नंतरच्या आहेत. पुढे लखनौ, पूर्णिया येथे होणाऱ्या कामालाही बिदरीच म्हणू लागले. औरंगाबादेतही (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे काम होत आले आहे. निजामी राजवटीत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले.

काळा रंग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने येतो. त्यासाठी मिश्रणातील तांबे आवश्यक असते. चांदीवर या लेपाचा परिणाम होत नाही.