स्विंग वेगळा, सीम वेगळी: अँडरसनची पहिली वर्षं

'बॉल वळला' हे आपण फिरकीला म्हणतो, स्विंगला म्हणतो आणि सीमलाही (सीम म्हणजे चेंडूची शिवण) म्हणतो. टेनिस बॉलवर वाढलेल्यांचा असा गोंधळ होणारच, त्या बॉलला शिवण असते कुठे? पण इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन सुरुवातीला एवढा चमकून मग मागे का पडला, हे कळायचं तर यातला फरक माहीत हवा.

स्विंग हवेत होतो, टप्पा पडायच्या आधी. उजव्या फलंदाजाला आउटस्विंग, म्हणजे त्याच्यापासून बाहेर जाणारा चेंडू टाकायचा तर शिवण स्लिपकडे जराशी तिरकी धरायची, चकाकणारी बाजू लेगला, म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला ठेवायची आणि मनगट चेंडूच्या बरोबर मागे. तिरकी शिवण ज्या बाजूला झुकते त्या बाजूची हवा खवळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. मग चेंडू शिवणीच्या रोखाने सरकतो. अट एकच, शिवण हवेत डगमगता कामा नये.

बर्नलीच्या या पोराकडे हे उपजतच होतं. 2002 मध्ये लँकेशायरकडून खेळू लागला आणि त्याच डिसेंबरात मेलबर्नला इंग्लंडकडून वनडे खेळला. 2003 च्या विश्वचषकात केपटाउनला, दिव्यांच्या उजेडात, पाकिस्तानविरुद्ध 29 धावांत 4 बळी. इंझमाम शून्यावर झेल देऊन गेला आणि पुढच्याच चेंडूवर युसुफ योहानाचा त्रिफळा उडाला. तो यॉर्कर (फलंदाजाच्या पायांशी पडणारा चेंडू) आजही पाहावा, हवेतली वक्र वाट स्पष्ट दिसते. मे महिन्यात लॉर्ड्सवर झिंबाब्वेविरुद्ध कसोटी पदार्पण, 73 धावांत 5 बळी. जूनमध्ये ओव्हलवर पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक, वनडेत इंग्लंडच्या गोलंदाजाची पहिलीच.

आता सीम. ही करामत टप्प्यावर घडते. चेंडू सरळ येतो, शिवण खेळपट्टीवर आपटते आणि तो अचानक आत किंवा बाहेर जातो. स्विंगची वाट फलंदाजाला थोडी तरी दिसते, सीमची दिसतच नाही. त्यासाठी हवेपेक्षा खेळपट्टीची साथ लागते, गवत, ओलावा, उसळी. हुकमी सीम काढणारे ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्रासारखे गोलंदाज म्हणूनच टप्प्याच्या बाबतीत इतके काटेकोर असत.

तरुण अँडरसनची मदार जवळजवळ पूर्ण स्विंगवर होती, आणि स्विंग थांबला की धावा जायच्या. त्यात चेंडू सोडताना त्याचं डोकं खाली जमिनीकडे जायचं. अशाने दुखापत होईल म्हणून प्रशिक्षकांनी शैली बदलायला लावली. माझ्या मते नुकसान तिथे झालं. स्विंग मनगटातून येतो आणि मनगट त्या सगळ्या लयीला बांधलेलं असतं. लय मोडली की शिवण ताठ राहत नाही. संघातली जागा गेली. मार्च 2006 मध्ये वानखेडेवर संधी मिळाली तेव्हा त्याने पहिल्या डावात 40 धावांत 4 बळी घेतले आणि इंग्लंडने ती कसोटी जिंकली. त्यानंतर पाठीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली भेग! ज्या दुखापतीच्या भीतीने शैली बदलली, तीच. त्यातून सावरताना तो जुन्या शैलीकडे वळला. 2008 मध्ये वेलिंग्टनला हॉगार्ड आणि हार्मिसन या अनुभवी वेगवान गोलंदाजांना वगळून त्याला आणि ब्रॉडला खेळवलं, तिथे पुन्हा 5 बळी, आणि धावाही पुन्हा 73.

सीमचं हत्यार त्याने नंतर कमावलं. 2010 मध्ये पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफला पाहून तो वॉबल सीम शिकला. यात शिवण मुद्दाम डगमगती सोडायची. कधी ती आपटते, कधी नुसतं चामडं, त्यामुळे चेंडू कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. स्लो मोशन लागलं की टप्प्याआधी शिवणीकडे बघा. चाकासारखी एका रेषेत फिरत असेल तर तो स्विंगचा प्रयत्न, लटपटत असेल तर वॉबल सीम.