सिल्व्हर घोस्ट (एएक्स २०१)

सिल्व्हर घोस्ट : रोल्स-रॉइस या इंग्लिश कंपनीची, १९०७ मध्ये रस्त्यावर आलेली चार आसनांची उघडी टूरिंग मोटारगाडी. चासी (बॉडीखालचा एंजिन व चाकांसहित पाया) क्रमांक ६०५५१, नोंदणी क्रमांक एएक्स २०१. कंपनीने १९०६–२६ या काळात तयार केलेल्या ४०/५० अश्वशक्तीच्या सर्वच गाड्यांना आज हे नाव लावले जाते. प्रस्तुत नोंद मात्र ज्या एका गाडीवर मुळात हे नाव कोरले गेले, तिच्यापुरती मर्यादित आहे.

नावाचा प्रश्न आधी निकालात काढणे आवश्यक आहे, कारण मालकी आणि अस्सलपणा यांविषयीचे बरेच गैरसमज त्यातूनच निर्माण झालेले आहेत. कंपनीचे व्यापारविषयक कामकाज पाहणारे क्लॉड जॉन्सन यांना प्रात्यक्षिकाच्या गाड्यांना स्वतंत्र नावे देण्याची हौस होती. चासी क्रमांक ६०५५१ वर लंडनच्या बार्कर अँड कंपनीने उघडी बॉडी चढवली, तिला ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी रंग दिला आणि दिवे, मुठी व इतर जोडकामावर चांदीचा मुलामा चढवला. रंगाची चमक आणि भुतासारखी नीरव चाल या दोहोंवरून जॉन्सन यांनी गाडीचे नाव ठेवले व त्याची धातूची पट्टी गाडीवर बसवली. कंपनीच्या लेखी या गाड्या मात्र ‘४०/५० अश्वशक्ती’ एवढ्याच नावाच्या राहिल्या. १९२५ मध्ये ‘न्यू फँटम’ हे प्रतिमान बाजारात आल्यावर जुन्या मालिकेला वेगळे ओळखण्याची गरज पडली आणि ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मागाहून साऱ्या मालिकेला चिकटले. हे नाव वृत्तपत्रांतून आणि ग्राहकांच्या तोंडून मालिकेसाठी त्याआधीच रुळले होते, असेही एक मत आहे. ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि अधिकृत नाव म्हणून १९२५ पूर्वीचा वापर गृहीत धरणे इष्ट नाही.

गाडीच्या जन्मवर्षाबाबतही एकवाक्यता नाही. ४०/५० ची चासी लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात नोव्हेंबर १९०६ मध्ये प्रथम मांडली गेली, त्यामुळे काही संकलक या गाडीलाही १९०६ हेच वर्ष देतात. एएक्स २०१ ही मालिकेतील बारावी गाडी मानली जाते. बॉडी चढून, रंगून ती चाचण्यांसाठी सिद्ध झाली ती १९०७ च्या पूर्वार्धात असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वेळी कंपनीचा कारखाना मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर होता. डर्बीचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. क्रमांकातील ‘एएक्स’ ही अक्षरे वेल्सच्या सीमेवरील मॉन्मथशर परगण्याची आहेत आणि संस्थापकांपैकी चार्ल्स रोल्स यांचे घराणे त्याच परगण्यातले होते.

बॉडीचा प्रकार ‘रुआ दे बेल्ज’ म्हणजे ‘बेल्जियमचा राजा’ या नावाने ओळखला जातो. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्यासाठी पॅरिसच्या रोथशिल्ड या बॉडी बांधणाऱ्या पेढीने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी असा आकार घडवला, एवढे सर्वसाधारणपणे मान्य आहे. नर्तकी क्लेओ द मेरोद हिने खुर्च्या एकमेकींना लावून राजाला त्या आकाराची कल्पना सुचवली, ही कथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. रचनेचा विशेष असा की, आसनांच्या पाठी ट्युलिपच्या पाकळीप्रमाणे बाहेर फुगलेल्या व वरच्या कडेला वळलेल्या असतात. बार्कर ही १७१० पासून घोड्यांच्या गाड्या बांधणारी पेढी असल्याने बग्गीच्या कारागिरीतील ही वळणदार रेषा तिच्या हातची होती. एएक्स २०१ च्या रुपेरी अंगावर हिरव्या चामड्याची आसने आणि लाकडी आऱ्यांची चाके आहेत. रेडिएटरच्या टोपणावर आज सर्वपरिचित असलेली पंखधारी मूर्ती या गाडीवर नाही, कारण चार्ल्स साइक्स यांनी ती घडवली १९११ मध्ये. छायाचित्रावरून गाडी ओळखताना ही खूण उपयोगी पडते.

एंजिन सहा सिलिंडरांचे असून ते तीन-तीनच्या दोन ओतीव गटांत विभागलेले आहे. व्यास व दट्ट्याचा धावमार्ग दोन्ही साडेचार इंच (११४·३ मिमी.), एकूण घनफळ ७,०३६ घ. सेंमी. आणि शक्ती मिनिटाला १,२५० फेऱ्यांवर सुमारे ४८ अश्वशक्ती आहे. झडपा सिलिंडरांच्या बाजूला आहेत. माथे सिलिंडरांशी एकसंध ओतलेले असल्यामुळे सुटे काढता येत नाहीत. कंपनीच्या आधीच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी गाडीत लांब क्रँक दांडा (दट्ट्यांची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) पिळवटून कंप पावत असे. दुसरे संस्थापक हेन्री रॉइस यांनी नव्या एंजिनात दांडा जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाखाली तेल पुरवण्याची सोय केली. ज्या नीरवतेवरून गाडीला नाव मिळाले तिचे श्रेय रंगकाम किंवा गादीकाम यांपेक्षा या दांड्याला अधिक आहे. १९०९ मध्ये मालिकेचे एंजिन वाढवून ७,४२८ घ. सेंमी. करण्यात आले, त्यामुळे लहान घनफळाची, आरंभीच्या चार गतींच्या गिअरपेटीची एंजिने असलेल्या गाड्यांना अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष मोल आहे.

गाडीची ख्याती १९०७ च्या चाचण्यांवर उभी आहे. त्याच वर्षी ‘रॉयल’ झालेल्या ब्रिटिश ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली तिने प्रथम दोन हजार मैलांची चाचणी दिली, जूनमध्ये स्कॉटलंडची विश्वासार्हता स्पर्धा पार पाडली आणि लगेच लंडन–ग्लासगो मार्गावर सत्तावीस वेळा धावत पंधरा हजार मैल (सु. २४,१४० किमी.) पुरे केले. रोल्स व जॉन्सन यांच्यासह चौघे चालक पाळीपाळीने बसत आणि रविवारखेरीज गाडी रात्रंदिवस चालू असे. ६२९ व्या मैलावर हादऱ्यांमुळे पेट्रोलची तोटी आपोआप बंद होऊन ती एकदा थांबली. तेथून पुढचे १४,३७१ मैल तिला सक्तीचा थांबा घ्यावा लागला नाही. शेवटी निरीक्षकांनी गाडी पूर्ण उकलली, झिजेची तपासणी केली आणि ती पुन्हा नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स ठरवली. जॉन्सन हे पूर्वी याच क्लबचे चिटणीस होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. परंतु त्यामुळे मोजमापांबाबत शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

१९०८ मध्ये कंपनीने ही गाडी एका खाजगी ग्राहकास विकली. पुढची चाळीस वर्षे ती प्रवासाचे वाहन म्हणून वापरात होती आणि एकंदर धाव पाच लाख मैलांच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. १९४८ मध्ये ती कंपनीकडे परत आली आणि प्रसिद्धीसाठी देशोदेशी फिरू लागली. त्यानंतरची मालकी कंपनीच्या नशिबाबरोबर बदलत गेली. फेब्रुवारी १९७१ मध्ये विमान एंजिनांच्या खर्चाने रोल्स-रॉइस कंपनी बुडाली, मोटार विभाग वेगळा झाला आणि १९८० मध्ये तो व्हिकर्स समूहाकडे गेला. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने या विभागाचा इंग्लंडमधील क्रू येथील कारखाना व त्याच्याकडचे बेंटली हे दुसरे नाव विकत घेतले, तर मोटारींसाठी ‘रोल्स-रॉइस’ या नावाचा हक्क बीएमडब्ल्यूकडे गेला. गाडी क्रू येथील मालमत्तेत मोजली गेल्यामुळे ती बेंटली मोटर्सच्या ताब्यात राहिली. ज्या नावाची कीर्ती तिने मिळवली, त्या नावाच्या नव्या कंपनीकडे ती गेली नाही. २००५ मध्ये तिच्या विम्याची रक्कम साडेतीन कोटी डॉलर असल्याचे नमूद झाले आहे.

मोठा जीर्णोद्धार १९८९–९१ या काळात झाला. बॉडीचे काम ल्यूटनच्या एस. सी. गॉर्डन या पेढीने केले आणि उरलेले काम एसेक्स परगण्यातील पी अँड ए वुड या रोल्स-रॉइसच्या जाणकार पेढीने. या काळातील गाड्यांच्या जीर्णोद्धारातील अडचणी यंत्रापेक्षा बॉडीत अधिक असतात. पत्र्याच्या आतील ॲश लाकडाचा सांगाडा सांध्यांतून कुजतो आणि चाकांचे आरे सुकून खुळखुळू लागतात. चांदीचा मुलामा तर प्रत्येक पुसण्याबरोबर थोडा थोडा जातो व कडांना खालचे पितळ उघडे पडते. म्हणजे गाडी जितकी निगुतीने जपावी तितका तिचा मूळचा पृष्ठभाग झिजत जातो. नवा मुलामा द्यावा की झीज तशीच ठेवावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद जतनाला जीर्णोद्धारापेक्षा अग्रक्रम देते. एएक्स २०१ चे काम त्याआधीचे आहे, तेव्हा त्या सनदेच्या मापाने त्याचा न्यायनिवाडा करणे योग्य होणार नाही.

या मालिकेतील इतर गाड्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. कंपनी केवळ चासी विकत असे आणि बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या पेढीकडून बांधली जाई. बंद बॉडीच्या अनेक गाड्यांचे सांगाडे पुढे मोडीत निघाले आणि त्यांच्या चासींवर नंतरच्या काळात ‘रुआ दे बेल्ज’ पद्धतीच्या नव्या उघड्या बॉडी चढवल्या गेल्या, कारण उघड्या गाडीला मागणी जास्त. अशा गाडीची ओळख चासी व एंजिन यांच्या क्रमांकांवरूनच पटवावी लागते. काटेकोर वर्गीकरणात तर ‘व्हिंटेज’ हा शब्दही येथे बसत नाही, कारण इंग्लंडमधील क्लब १९१९–३० मधील गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात व त्यापूर्वीच्या अशा गाडीला ‘एडवर्डियन’. मराठीत मात्र सर्वच जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

या मालिकेचा महाराष्ट्राशी संबंध १९०८ मधील मुंबई–कोल्हापूर चाचणीतून येतो. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाच्या ४०/५० गाडीने सह्याद्रीचे घाट चढत-उतरत सुमारे ६२० मैलांची ही चाचणी जिंकली, आणि ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चासी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांनाच ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. अशा वाहनांचा नेहमीच्या किंवा व्यापारी वाहतुकीसाठी वापर करता येत नाही.