पर्याय सगळ्यांना सारखेच दिसत असतील, तर तो आरपीजी नव्हे

माझ्या मावसभावानं 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' हा व्हिडिओ गेम दोन दिवसांत संपवला आणि आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे काय ते आता कळलं, असं सांगत सुटला. कुणीतरी त्याला पुढचा म्हणून 'बाल्डर्स गेट 3' सुचवला. तोही आरपीजी, त्यातही चॉइस, तुला आवडणारच. चौथ्या दिवशी त्याचा वैतागलेला फोन. "दादा, मी समजूत काढायचा पर्याय निवडला, तर मध्येच हा फासा कसला? मी निवडलं ना? मग होत का नाही?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, चूक सुचवणाऱ्याची होती. हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय, की आता एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी विचारणाऱ्याच्या हातात नुसतं हेच ठेवीन.

पडद्यावर दोन-चार उत्तरं आली, त्यातलं एक आपण दाबलं आणि गोष्टीनं वळण घेतलं, की तो गेम आरपीजी म्हणून मोकळं व्हायचं, ही आता रीतच झालीय. एकाच पोत्यात दोन वेगळी धान्यं भरलीत. पहिलं म्हणजे टेलटेल या स्टुडिओचा 'द वॉकिंग डेड' (2012), 'हेवी रेन' (2010), 'लाइफ इज स्ट्रेंज' (2015), डेट्रॉइट (2018) यांसारखे गेम. यांना सोयीसाठी मी निवडकथा म्हणतो. दुसरं म्हणजे खरे आरपीजी: 'फॉलआउट' (1997), 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (1999), 'डिस्को इलिझियम' (2019), 'बाल्डर्स गेट 3' (2023).

निवडकथा कशा चालतात ते इथे उगाळत बसत नाही. बहुतेकांची सुरुवात तिथूनच झालेली असते. प्रसंग येतो, घड्याळ टिकटिकतं, तुम्ही पर्याय दाबता, कोपऱ्यात 'अमुक हे लक्षात ठेवेल' अशी ओळ झळकते. डेट्रॉइटमध्ये प्रकरण संपलं की अख्खा फ्लोचार्टच समोर मांडतात, कुठल्या फांदीवर गेलात आणि कुठली राहिली ते दिसतं.

आता दोन्हींत फरक काय, म्हणून विचारलं की लोक भलतंच सांगतात. आरपीजीत लढाई असते म्हणे. डिस्को इलिझियममध्ये लढाईची यंत्रणाच नाही. आरपीजी लांबलचक असतात म्हणे. असतात बहुतेकदा, पण लांबी ही काही जात नव्हे. पॉइंट मिळतात, लेव्हल वाढते म्हणे. तलवारीचा मार पाच टक्क्यांनी वाढवायची सोय आजकाल धावण्या-उड्या मारण्याच्या गेममध्येही असते. हे सगळे फरक वरवरचे आहेत, सोडून द्या.

खरी मेख मावसभावाच्या प्रश्नातच आहे: "मी निवडलं ना?"

निवडकथेत 'मी' निवडतो. खेळणारा, कंट्रोलर हातात धरलेला माणूस. 'द वॉकिंग डेड'च्या पहिल्या भागाच्या शेवटी डग आणि कार्ली या दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. हा प्रसंग सगळ्या खेळणाऱ्यांसमोर अगदी तसाच येतो, तीच दोन माणसं, तेवढाच वेळ. तुमचा नायक ली एव्हरेट आणि माझा ली एव्हरेट यांच्यात तोवर काडीचा फरक नसतो. फरक तुमच्या-माझ्यात असतो. तुम्ही ज्याच्याकडे धाव घ्याल तो वाचतो, कारण लीला ते जमेल की नाही, हा प्रश्नच गेम विचारत नाही.

आरपीजीत निवड दोघांची असते. काय करून बघायचं ते तुम्ही ठरवता. पण मुळात तुमच्यासमोर कुठले पर्याय येणार आणि त्यातला कुठला जमणार, हे तुम्ही घडवलेलं पात्र ठरवतं. कागदावर आधी माणूस उभा करायचा आणि मग त्याला प्रसंगात ढकलायचं, हे 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं टेबलावर रूढ केलं. फासा आला तो तिथून. माझ्या मनात आलं आणि माझ्या माणसाला जमलं, यांच्यातलं अंतर मोजायला तो असतो. म्हणून बाल्डर्स गेटमध्ये 20 पैलूंचा फासा टाकतात, त्यात पात्राच्या हुशारीचा किंवा छाप पाडण्याच्या गुणाचा आकडा मिळवतात आणि मग समजूत पटते किंवा पटत नाही. बोलण्यातल्या अशा फाशावर 1 पडला, तर कितीही बोलघेवडा असा, तोंडावर पडता.

मराठीत 'भूमिका' हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे मला हे सांगायला सोपं जातं. निवडकथेत तुम्ही भूमिका घेता. आरपीजीत भूमिका करता.

डिस्को इलिझियमचा पहिलाच प्रसंग घ्या. तुम्ही एक स्मृती गेलेले पोलिस अधिकारी, हॉटेलच्या खोलीत अर्धे उघडे पडलेले, डोकं ठणकतंय. वर पंखा गरगरतोय आणि त्याला तुमचा टाय अडकलाय. निवडकथा असती तर 'टाय काढा' आणि 'राहू द्या' असे दोन पर्याय आले असते आणि पहिला दाबल्यावर टाय हातात आला असता. इथे तसं होत नाही. सुरुवातीला तुम्ही बुद्धी, मन, शरीर आणि चपळाई या चार मूळ गुणांत पॉइंट वाटलेले असतात, प्रत्येकाखाली सहा, अशी एकूण 24 कौशल्यं. टाय ओढायला चपळाईच्या बाजूचं कौशल्य लागतं. दोन फासे पडतात. जमलं तर टाय मिळतो. नाही जमलं तर शरीराला झटका बसतो, आणि सगळे पॉइंट बुद्धीत ओतून तब्येत तोळामासा ठेवली असेल, तर तिथेच हृदय बंद पडतं. गेम संपला. टाय काढताना.

हे वाचून हसू येतं, पण ते पात्र कोण आहे हे त्या क्षणी जितकं कळतं, तितकं दहा संवादांतूनही कळलं नसतं. आणि कौशल्य जास्त असलं की बरंच, असंही नाही. इथे कौशल्यं डोक्यातले आवाज होऊन बोलतात. विश्वकोशाचं कौशल्य वाढवा, ते ऐन चौकशीत कुणी न विचारलेली माहिती कानात ओतत बसतं. अर्थात दुसऱ्याच्या खेळात हे आवाज असे, एवढ्या वेळा बोलतच नाहीत. गेम तोच, गुन्हा तोच, पण त्याच्यासमोर येणारी वाक्यंच वेगळी.

आता कुणी म्हणेल, डेट्रॉइटमध्येही सुरुवातीच्या ओलिसाच्या प्रसंगात यशाची टक्केवारी दिसते की. दिसते. कॉनर हा तिथला यंत्रमानव तपासनीस घरभर पुरावे हुडकतो तसतशी ती वाढते. हा आक्षेप रास्त आहे. पण ती टक्केवारी खेळणाऱ्याच्या चिकाटीची आहे. जो कोपरान् कोपरा बघेल त्याचा आकडा चढेल, कुणीही असो. कॉनर मठ्ठ ठेवून बघू, तापट ठेवून बघू, अशी सोयच नाही. कॉनर आधीच लिहून झालाय.

फॉलआउटमध्ये ही सोय होती आणि काय बेफाट वापरली होती! सात मूळ गुण, प्रत्येक 1 ते 10. बुद्धी तळाला ठेवली की तुमच्या नायकाला धड वाक्य बोलता येत नाही, हुं-हां करतो, आणि समोरचे त्याला त्याच मापानं वागवतात. 1998 च्या फॉलआउट 2 मध्ये टॉर नावाचा एक भोळसट गुराखी आहे. हुशार नायक घेऊन गेलात तर त्याचं बोलणं अर्धवट, बोबडं वाटतं. मठ्ठ नायक घेऊन गेलात तर ते दोघं एकमेकांशी भरजरी, विद्वानांच्या भाषेत गप्पा मारतात. हा प्रसंग खेळणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना कधीच दिसणार नाही, हे माहीत असूनही कुणीतरी तो बसून लिहिला. माझ्या लेखी आरपीजी म्हणजे हे. आणि 2015 च्या फॉलआउट 4 मध्ये बुद्धी 1 ठेवून बघा. नायक ठेवणीतल्या आवाजात तितकंच शुद्ध बोलतो. नाव तेच राहिलं, आतून गेम बदलला.

यामागे पैशाचं आणि वेळेचं साधं गणित आहे. दहा वेळा दोन-दोन पर्याय आले आणि प्रत्येक वेळी गोष्ट खरोखर फुटू दिली, तर 1,024 गोष्टी लिहाव्या लागतील. कुठल्याही स्टुडिओला ते परवडत नाही. निवडकथा यावर उपाय म्हणून फांद्या पुन्हा खोडाला आणून जोडतात. डग किंवा कार्ली, ज्याला वाचवाल तो तिसऱ्या भागात मरतोच. मला हे फसवणं वाटत नाही. त्या दोन भागांत कोण सोबत होतं याला किंमत आहे. आरपीजी दुसरा उपाय करतो: गोष्ट एकच, खोलीही एकच, पण आत शिरायची दारं अनेक. कुणी कुलूप उघडतो, कुणी दार फोडतो, कुणी पहारेकऱ्याला गुंडाळतो, आणि कुठलं दार आपल्याला आहे ते बिल्ड, म्हणजे आपण पात्र कसं घडवलंय ते, ठरवतं. म्हणून 'याला किती शेवट आहेत?' या प्रश्नाची मला चीड येते. शेवट मोजून आरपीजी कळत नाही. 'मास इफेक्ट 3'च्या शेवटावर 2012 मध्ये इतका गदारोळ झाला, की तीन-चार महिन्यांत वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. गदारोळ रास्त असेलही, पण त्या मालिकेतले शेवटच्या दहा मिनिटांखेरीजचे बाकीचे तास कुणी मोजलेच नाहीत.

दुसरी चीड चेहऱ्याची. गालाचं हाड, नाकाचा शेंडा, केसांच्या 40 तऱ्हा, आणि त्याला म्हणायचं कॅरॅक्टर कस्टमायझेशन. हौस म्हणून ठीक आहे, मीही दीड तास घालवतो त्यात. पण त्या नाकाची गोष्टीत कुणी दखल घेत नसेल, तर ते पात्र घडवणं नव्हे, नटवणं झालं. उलट प्लेनस्केपमध्ये चेहराच काय, नावही बदलता येत नाही. नायक अनामच. तरी तो नखशिखान्त आरपीजी आहे, कारण शहाणपण आणि बुद्धी वाढवली की संवादात अशा ओळी उघडतात, ज्या मारकुट्या नायकाला दिसतही नाहीत.

मग 'द विचर 3' कुठे बसवायचा? इथे हमखास भांडण होतं. माझं मत सांगून टाकतो: ती तलवार घेतलेली निवडकथा आहे. त्याचा नायक गेराल्ट हा गेराल्टच असतो. तुम्ही त्याचे पॉइंट तलवारीत घाला नाहीतर औषधी काढ्यांत, ब्लडी बॅरन या पात्रासमोर बोलायला बसल्यावर जवळपास तेच पर्याय येतात. ॲक्सी या मंत्राचे काही पर्याय तेवढे अपवाद. लिखाण अव्वल आहे, आणि मी तो दोनदा खेळलोय. पण 'गोष्ट भारी' म्हणजे 'आरपीजी' असं समीकरण नाही.

आणि उलट बाजूचा घोळही आहे. आरपीजी हातात घेऊन त्याची निवडकथा करून टाकणारे. फासा मनासारखा पडला नाही की लगेच जुनं सेव्ह लोड, म्हणजे आधी साठवलेल्या जागी परत. पुन्हा फासा. पुन्हा लोड. बाल्डर्स गेटमध्ये मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे, प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पण त्या माणसाला तुम्हीच मारलं असेल, तर ते तुमच्याशी बोलायला नकार देतं. आता जो लोडचं बटण दाबतो त्याच्यासाठी विषय संपला. जो दाबत नाही त्याच्या लक्षात येतं, की आपल्याकडे वेषांतराचा मंत्र आहे. तोंडवळा बदलून पुन्हा जा, प्रेत फसतं आणि बोलतं. अडचण आली, ती त्या पात्राच्या करणीमुळे. सुटली, तीही त्याच पात्राच्या हुन्नरानं. याच गेमच्या ऑनर मोडमध्ये सेव्ह एकच मिळतं, मागे फिरायची वाट बंद. नवख्यानं तिथून सुरुवात करू नये, पण तो मोड का ठेवलाय ते समजून घ्यावं.

घेण्याआधी ओळखायचं कसं, तर दोन वेगळ्या माणसांनी खेळलेला पहिला तास बघा. दोघांनी वेगळी उत्तरं दाबली, एवढ्यावर समाधान मानू नका. दोघांच्या पडद्यावर आलेली यादीच वेगळी आहे का, ते बघा. यादी तीच असेल तर निवडकथा आहे हे धरून चाला आणि त्याच तयारीनं बसा, मजा येईल.

मावसभावाला मी शेवटी डिस्को दिला. म्हटलं, लढाई नाही, वाचायला भरपूर, चॉइसही भरपूर. पात्र बनवताना त्यानं सगळं बुद्धीत ओतलं, शरीराला काही ठेवलं नाही. वीस मिनिटांत फोन.

"दादा, हा बग आहे का? मी टाय ओढला आणि मेलो."

"बग नाही. तुझा माणूसच तसा आहे."

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "थांब, नवा बनवतो."