विमान वेळेवर, माल गेटवर: शहरी विमानतळांवरच्या मालवाहतुकीची पार्श्वभूमी

विमानाने पाठवलेला माल उशिरा पोचला की पहिलं बोट विमान कंपनीकडे जातं. कार्गोच्या धंद्यात मुरलेला माणूस मात्र आधी विचारतो, "गाडी गेटच्या आत गेली का?" सात-आठ तासांच्या उड्डाणाच्या मागेपुढे बांधणी, कागदपत्रं, स्कॅनिंग, कस्टम्स आणि ट्रकांची रांग यांत दिवस निघून जातात. शहराने वेढलेल्या विमानतळांवर हे दुखणं जुनं आहे.

सुरुवातीला त्याचा मागमूसही नव्हता. ७ नोव्हेंबर १९१० रोजी फिलिप पार्मली या वैमानिकाने अमेरिकेतल्या डेटनहून कोलंबसला राइट बंधूंच्या विमानातून रेशमाचे तागे नेले. अंतर शंभरेक किलोमीटर, आणि हेतू एका दुकानाची जाहिरात. पुढच्या वर्षी १८ फेब्रुवारीला आंरी पेके याने अलाहाबादहून नैनीला सहा हजारांवर पत्रं पोचवली. माल वैमानिकाच्या शेजारी मावत होता, त्यामुळे गोदाम, धक्का, ट्रकचा रस्ता यांचा विचार करायचं कारणच नव्हतं. टपालाला विमानतळ गावाजवळ हवा होता आणि गावालाही तेव्हा त्याचं कौतुक होतं.

शहराच्या कुशीतल्या विमानतळाकडून किती काम करून घेता येतं, हे बर्लिनने दाखवलं. जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. त्यानंतर सप्टेंबर १९४९ पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्यांत सुमारे २३ लाख टन माल विमानांनी आणला. त्यात दोन तृतीयांश कोळसाच होता. टेम्पलहोफ या शहरातल्या विमानतळाची धावपट्टी राहत्या इमारतींना लागून, विमानं छपरांवरून उतरत. या मोहिमेच्या गोष्टी वैमानिकांभोवती फिरतात, पण मला त्यातलं जमिनीवरचं काम जास्त थोर वाटतं. मोहिमेचा प्रमुख विल्यम टनर याने नियम केला होता की बर्लिनला उतरलेल्या वैमानिकाने विमान सोडून जायचं नाही. हवामानाची माहिती आणि खाणं गाडीतून त्याच्यापाशी येई. तोवर विमानाच्या दाराला ट्रक लागलेला असे आणि जर्मन कामगार अर्ध्या तासाच्या आत दहा टन कोळशाची पोती खाली घेत. धावपट्टी मोकळी ठेवायची तर ट्रक आधी हलला पाहिजे, हे टनरला पक्कं कळलं होतं. त्यानंतरच्या अनेक विमानतळांच्या आराखड्यांत मात्र हे शहाणपण दिसत नाही.

जेट विमानांनी प्रमाणच बदललं. बोइंग ७४७ चं कॉकपिट वरच्या मजल्यावर आहे ते मालासाठी. नाक वर उचलून लांबलचक माल समोरून आत घेता यावा, हा त्यामागचा विचार. १९७२ मध्ये लुफ्तान्झा या जर्मन कंपनीने त्याचं मालवाहू रूप सेवेत आणलं आणि एका विमानातून शंभर टनांच्या आसपास माल जाऊ लागला. एक विमान म्हणजे गेटवर ट्रकांचा अख्खा ताफा. शिवाय आता सुटी खोकी चढवणं संपलं आणि पॅलेट आली. ॲल्युमिनियमचा साधारण सव्वातीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद पत्रा, त्यावर रचलेली खोकी, वरून प्लास्टिक आणि घट्ट ओढलेली जाळी. रचाईचा माथा विमानाच्या कमानीत बसावा लागतो. एखादं खोकं वरच्या कोपऱ्यात चार बोटं बाहेर आलं तर जाळी सोडून सगळं पुन्हा रचायचं, आणि तोवर मागचे ट्रक तिष्ठत उभे.

रुंद विमानांमुळे प्रवाशांच्या पायाखालच्या पोटातही, म्हणजे बेलीत, भरपूर जागा झाली. जगातला जवळपास निम्मा हवाई माल याच वाटेने जाऊ लागला. लंडनच्या हीथ्रोवर तर नव्वद टक्क्यांहून अधिक माल प्रवासी विमानांतूनच जातो. 'कार्गो शहराबाहेर न्या' असं म्हणणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट ती हीच. प्रवासी जिथे चढतात तिथेच बेली असते. हीथ्रोची बहुतेक टर्मिनलं दोन धावपट्ट्यांच्या मधोमध आणि कार्गोची गोदामं दक्षिण धावपट्टीच्या पलीकडे. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस धावपट्टीखालून खास मालासाठी बोगदा काढावा लागला.

विमानतळाबाहेरचे रस्ते तर वेगळ्याच काळात आखलेले. न्यूयॉर्कचा आताचा केनेडी विमानतळ १९४८ मध्ये सुरू झाला. त्याला खेटून जाणारा बेल्ट पार्कवे मोटारींच्या सैरसपाट्यासाठी बांधलेला, तिथे ट्रकला बंदी. त्यामुळे ट्रकांचा भार व्हॅन विक एक्सप्रेसवेवर पडतो. तोच प्रवाशांचाही मुख्य रस्ता, आणि कोंडीसाठी कुप्रसिद्ध.

मग रात्रीचा प्रश्न आला. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फेडरल एक्सप्रेस या पार्सल कंपनीने अमेरिकेतल्या मेम्फिसहून १४ छोट्या जेट विमानांतून २५ शहरांसाठी १८६ पार्सलं पाठवली. दिवसभर माल गोळा करायचा, रात्री एका ठिकाणी छाननी, सकाळी घरपोच. हे गणित रात्रीच्या उड्डाणांवर उभं आहे आणि शहरी विमानतळाभोवतीची माणसं रात्रीच झोपतात. त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. ब्रसेल्समध्ये रात्रीच्या उड्डाणांवरून वाद पेटला आणि डीएचएल या पार्सल कंपनीने आपलं मुख्य केंद्र २००८ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला हलवलं. फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणं बंद आहेत. रात्र गेली की मालाची घाई संध्याकाळवर येते, म्हणजे नेमकी नोकरदार घरी निघतात त्या वेळेवर.

ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या पार्सलांत प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये लपवलेली स्फोटकं सापडली. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली आणि आधीच अपुऱ्या गोदामांत स्कॅनरसाठी जागा शोधावी लागली.

जागा बदलली तरी दुखणं जातंच असं नाही. हाँगकाँगने दाट वस्तीतला काय ताक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद केला आणि त्याच दिवशी चेक लाप कोक हा नवा विमानतळ सुरू केला. तिथल्या नव्याकोऱ्या, स्वयंचलित कार्गो टर्मिनलची संगणक यंत्रणा कोलमडली. कुठला माल कुठल्या फडताळावर आहे हेच कळेना, नाशवंत माल कुजला, आणि अखेर काय ताकचं जुनं कार्गो टर्मिनल पुन्हा उघडावं लागलं.

मेक्सिको सिटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये फर्मान काढून मालवाहू विमानांना शहरातल्या विमानतळावरून हलवलं, दूरच्या फेलिपे आंखेलेस विमानतळावर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत ती गेली. प्रवासी विमानांच्या पोटातल्या मालाला मात्र फर्मान लागू नव्हतं. तो घ्यायला ट्रक जुन्याच गेटवर येत राहिले.